उजव्या पायाची उडी

जुई : एकोणीस जण आणले होते या बॅचला, काका. मी दोनदा मोजलं. मैदानावर सात आहेत, एक पायरीवर बसून गुडघ्याला पट्टा बांधतोय. झाले आठ. बाकीचे अकरा कुठे आहेत?

चंद्रशेखर : इथे सर म्हण. काका तुझ्या घरी, विकास नगरात.

जुई : सर, बाकीचे अकरा?

चंद्रशेखर : गेले ना बाप्पा आपापल्या गावी. कोणाचा गुडघा गेला, कोणाचा घोटा. एकाचं मनच नाही लागलं लखनौत. तीन वर्षांत होतंच असं. तुला युनिव्हर्सिटीनं ठेवलं कशाला? टीम का हरून राहिली ते शोधायला. ते सांग.

जुई : तेच सांगतेय. पाच वर्षांचा डेटा लावला. ट्रायलमध्ये तुम्ही ज्यांना ए ग्रेड देता, ती मुलं जास्त आली म्हणून टीम जास्त जिंकली, असं दिसत नाही. बिलकुल नाही. टीम जिंकते कधी, तर थर्ड इयरची मुलं जास्त उरलेली असतात तेव्हा.

चंद्रशेखर : म्हणजे माझी पंचवीस वर्षांची नजर बेकार?

जुई : नजर पक्की आहे, सर. प्रॉब्लेम तोच आहे. तुमच्या ए ग्रेडच्या प्रत्येक मुलापुढे फिरून फिरून एकच शेरा आहे. दुखत असताना खेळला. ताप असताना खेळला. टाके असताना खेळला. तुम्हाला जे हवं असतं ते बरोबर सापडतं तुम्हाला. आणि तीच मुलं सगळ्यात आधी संपतात. या बॅचमध्ये ए ग्रेडचे नऊ होते. आज एक उरलाय.

चंद्रशेखर : सिद्धेश.

जुई : पट्टा बांधतोय तो.

चंद्रशेखर : त्याला मी कोल्हापुरात पाहिला. तालमीची मॅच होती.

जुई : तालीम म्हणजे, मतलब, व्यायामशाळा ना?

चंद्रशेखर : कुस्तीची असते मुळात. तिकडे पेठेपेठेत तालीम, आणि प्रत्येक तालमीची फुटबॉल टीम. या पेठेतला पोरगा त्या पेठेच्या पोरीशी लग्न करेल, पण त्यांच्या टीमकडून नाही खेळणार. हा गोलमध्ये उभा होता. करंगळी मोडलेली, बोट फुगून हे एवढं. ग्लोव्ह चढेना तर ब्लेडनं कापून घातला. आणि पेनल्टी अडवली. मी तिथेच म्हटलं, हा आपला.

जुई : आणि ए ग्रेड.

चंद्रशेखर : ए प्लस असती तर ती दिली असती. बोलव त्याला. शनिवारी सेमीफायनल आहे, मला कीपर पाहिजे.

जुई : गुडघ्याची टेस्ट पास झाला तर. जानेवारीत दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या सत्याऐंशी टक्के होती. आज नव्वद हवेत. दुसऱ्यांदा नापास झाला तर स्पोर्ट्स कोटा रद्द, म्हणजे अ‍ॅडमिशन रद्द, हॉस्टेल बंद.

चंद्रशेखर : नियम तूच बनवला ना?

जुई : नव्वदच्या खाली खेळवू नका, एवढी ओळ माझी. गुडघा वाचावा म्हणून लिहिली होती. कोटा रद्दची ओळ कमिटीनं जोडली. सिद्धेश! आ जाओ.

सिद्धेश : आलो, मॅडम. मराठीत बोला की. अख्ख्या लखनौत तुमी दोघंच हायसा माझ्या भाषेचं.

जुई : रात्री झोप लागली?

सिद्धेश : कशाची झोप? आईचा फोन. म्हनली, पेपर कधी हायत? म्हनलं, दोन म्हैन्यानं. तिला ह्यातलं काय म्हाईत न्हाई.

चंद्रशेखर : होते बेटा पास. घाबरू नको.

जुई : आधी चांगला पाय. उजव्यावर उभा राहा, पुढे उडी मार, त्याच पायावर उतर. जिथे टाच टेकेल तिथपर्यंत टेप. तीन उड्या, सगळ्यात लांब ती धरायची.

सिद्धेश : म्हाईत हाय, मॅडम.

जुई : एक मीटर अडतीस. एक एकेचाळीस. एक बेचाळीस. आता डावा.

चंद्रशेखर : हळू रे. श्वास घे.

जुई : एक पंचवीस. एक अठ्ठावीस. थांब, दुखलं?

सिद्धेश : न्हाई.

जुई : चेहरा पांढरा झालाय तुझा.

सिद्धेश : थंडी हाय.

जुई : मार्चमध्ये? मार शेवटची. एक एकतीस.

चंद्रशेखर : किती झाले?

जुई : बेचाळीसच्या उडीला एकतीस. ब्याण्णव टक्के.

चंद्रशेखर : पास! बघ, म्हटलं होतं ना? लिही ब्याण्णव. चल सिद्धेश, ग्लोव्ह घाल.

जुई : एक मिनिट. जानेवारीत तुझा उजवा एक मीटर साठ होता.

सिद्धेश : असंल.

जुई : दोन महिन्यांत चांगला पाय अठरा सेंटिमीटरनं कमी कसा झाला?

सिद्धेश : दमलोय जरा.

जुई : आणि डावा एक एकोणचाळीस होता. तोही कमी झालाय. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले, वाढायला हवा. फेब्रुवारीत काय झालं?

चंद्रशेखर : फेब्रुवारीत तर हा बहिणीच्या लग्नाला गेला होता.

सिद्धेश : लगीन झालंच की, सर.

जुई : आणि?

सिद्धेश : हळदीच्या दिवशी मॅच हुती.

चंद्रशेखर : सिद्धेश!

सिद्धेश : तालमीचा कीपर आजारी पडला. सगळी दारात आली. मांडवात बा उभा, मामा उभा. बा आत जाऊन माझं बूट घिऊन आला. न्हाई कसं म्हननार?

चंद्रशेखर : गाढवा, नऊ महिने त्या गुडघ्यावर मी... डॉक्टरपुढे हात जोडले मी तुझ्यासाठी!

सिद्धेश : तुमी मला असल्याच मॅचमधनं उचललं की, सर. बोट मोडलेलं बघून टाळ्या वाजवल्या. तवा का न्हाई म्हनलासा, घरी जा म्हनून?

जुई : जिंकलात?

सिद्धेश : व्हय. दुसऱ्या हाफमधी आवाज आला गुडघ्यातनं. कुनाला सांगितलं न्हाई.

चंद्रशेखर : जुई, ऐक. टेपवर जे आलं ते आलं. तू काही खोटं लिहून नाही राहिली. बेचाळीस आलं, एकतीस आलं. लिही आणि सोड.

जुई : आणि शनिवारी तुम्ही त्याला गोलमध्ये उभं करणार.

चंद्रशेखर : दुसरा कोण आहे माझ्याकडे?

जुई : मग तो गुडघा शनिवारी जाईल. पुन्हा नीट होणार नाही, काका. जिना चढताना कठडा धरावा लागेल त्याला. एकवीस वर्षांचा आहे तो.

चंद्रशेखर : आणि नापास केलं तर? संध्याकाळी याची ट्रंक चारबाग स्टेशनवर. दोन महिन्यांवर डिग्री. ते मोज ना तुझ्या टेपनं!

जुई : मी कमिटीला सांगेन. पेपर होईपर्यंत तरी राहू द्या म्हणून.

चंद्रशेखर : त्या अकरांच्या वेळी मी नव्हतं सांगितलं?

सिद्धेश : सर, तुमी भांडू नगासा. मॅडम, उजवा खरा मारला तर किती टक्के हुतील?

जुई : एक साठच्या आसपास आला तर ब्याऐंशी. नापास.

सिद्धेश : आनि हाय तसं ठेवलं तर शनिवारी खेळायचं.

जुई : हो.

सिद्धेश : मी खेळनार, मॅडम. उभं केलं की मी खेळनारच. मला थांबता येत न्हाई. त्या अकरांतला बिलाल पन असाच गेला, अंगद पन. परवा अंगदचा फोन आला हुता. म्हनतोय, नमाजाला न्हाई, पूजेला न्हाई, आमाला आता कशालाच खाली बसता येत न्हाई. बिलालचं मिळून दोघांचं सांगत हुता. हसत हुता.

चंद्रशेखर : बेटा, विचार कर. बापाला काय सांगशील?

सिद्धेश : बूट त्यानंच आनलं हुतं, सर.

जुई : सिद्धेश, मी जबरदस्ती नाही करणार.

सिद्धेश : टेप नीट धरा, मॅडम. शेवट तिकडं लांब न्या. आनखी लांब.

(सिद्धेश रेषेवर उजव्या पायावर उभा राहतो. बाकीचे सात जण खेळ थांबवून बघतात.)

चंद्रशेखर : जुई.

सिद्धेश : मोजा.

जुई : एक मीटर एकसष्ट.