हसणारा भाऊ

– नाही नाही, विचारा की बाई, ओळखलंत तर ओळखलंत. मघापासून मोबाईलआडून बघताय माझ्याकडे, मला कळत नाही होय? हो, तोच मी. टीव्हीवरचा हसणारा भाऊ. – जरा बाजूला सरका, जॅक लावतो. – चाकात खिळा आहे, निघेल. तर आयलेन, माझी धाकटी बहीण – तो बघा भिंतीवर तिचा फोटो, हवेच्या नळीशेजारी – वारेला गावी कामावर म्हणून निघाली, बसमध्ये चढली, उतरली कुठं कुणाला माहीत नाही. पोलीस म्हणाले, गेली असेल मित्राबरोबर, येईल. सरकारी वकिलाच्या कचेरीत एक बाई होती, चांगली होती, तिनं आईला हळूच सांगितलं – मावशी, प्रकरण मेदियातिको झाल्याशिवाय इथं कागद हलत नाही. आई म्हणाली, म्हणजे काय गं? – म्हणजे टीव्हीवर गाजायला हवं. मग काय, धावलो आम्ही चॅनलच्या गाड्यांमागं.

आले एकदाचे. आईला बोलवेना, म्हणून मला उभं केलं. मला! – वर्गात ‘हजर’ म्हणायचीसुद्धा लाज वाटायची, त्यापायीच तर शाळा सुटली – आणि समोर हा एवढा दिवा, अन् ती बातमीदार पोरगी विचारते, काय वाटतंय तुम्हाला? आता मी लाजलो की तोंड असं होतं. लहानपणापासून. आयलेन म्हणायची, दारियो, स्वतःच्या मयतीलाही तू दात काढशील. तिला माहीत होतं, ते हसू नाही. पण सांगायला ती कुठं होती?

झालं, गाजलं. रोज संध्याकाळी माझं तोंड, सावकाश, पुन्हा पुन्हा. चार जण टेबलाशी बसून भांडतात – भाऊ हसला का? पोलिसांनी घरामागं खणलं, आईचे टोमॅटो उपटून टाकले. आणि बस? बसवाल्याला कुणी विचारलं? कुणी नाही.

– हां, बसलं चाक. नट आवळतो. – मोबाईल लपवताय कशाला? काढा फोटो, सगळेच काढतात. फक्त इकडून काढा, म्हणजे मागं ती येईल. असा उभा राहू? – थांबा, थांबा हं – तोंड परत तसंच व्हायला लागलं. असं करा, मी होतो बाजूला. तिचा एकटीचा काढा.

– का हो? मोबाईल खाली का घेतलात? तिचा एकटीचा नको?

– बरं. निघा बाई. हवा भरलीय.