पुर्वोको यांच्या भिंतीतल्या भोकाबाबत

मी, मुर्तिनिंगसिह, वय ५८, धंदा सोयाबीनचे टेंपे तळून विकणे, राहणार लोम्बोक गल्ली, सालातिगा, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. यजमान हयात नाहीत. शेजारी पुर्वोको, वय ७१, हेही एकटेच. त्यांना हौशी रेडिओचा नाद आहे. माझे स्वयंपाकघर त्यांच्या भिंतीला टेकून आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांचे तसेच आहे, परवानगी कोणी कोणाला विचारत नाही. मागे ते मुलाकडे गेले असताना मी माझे स्वयंपाकघर त्यांच्या भिंतीलगत दोन हात वाढवले. त्यांना सांगायचे राहून गेले. हे सगळे मी आज तिसऱ्यांदा सांगत आहे.

अँटेनाची केबल ते खिडकीतून आत घेत. खिडकी लागत नसे, डास येत. म्हणून मंगळवारी सकाळी त्यांनी भिंतीला भोक पाडले. पलीकडे मोकळी जागा आहे असे त्यांना वाटले. पलीकडे माझी चूल होती. विटेचा चुरा फणसाच्या भाजीत पडला. मी ओरडले, माणसे जमली.

गल्लीप्रमुख दार्सोनो यांनी सर्वांसमोर विचारले, "काय काका, या वयात बाईच्या स्वयंपाकघरात डोकावायची हौस?" लोक हसले. पुर्वोको घरात निघून गेले. तिथवर मीच वाढवले आहे, हे मी सांगितले नाही. माझे लक्ष भाजीकडे होते.

संध्याकाळपर्यंत ती थट्टा गल्लीभर खरी होऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुर्वोको अँटेना उतरवायला छपरावर चढले. मी खालून म्हटले, "राहू द्या हो, भाजी गेली ती गेली. खाली या."

ते म्हणाले, "नको बाई. अँटेनाही नको आणि लोकांचं बोलणंही नको."

कौल फुटून ते पडले. त्यांना कोणी ढकलले नाही. मांडीचे हाड मोडले आहे. त्यांचा मुलगा सुराबायाहून आला. गल्लीतले बोलणे कानावर गेल्यापासून तो बापाशी एक शब्द बोललेला नाही. आत्ता तो बाहेर बाकावर बसला आहे.

काल मी पुर्वोको यांच्या खोलीत जाऊन भोकाला डोळा लावला. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून केबलचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडतात. त्यातून माझ्या पातेल्याचे बूड दिसते, दुसरे काही दिसत नाही. मला फार राग आला. कोणाचा, ते विचारू नये.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. भोकातून फक्त पातेले दिसते, हे त्यात नव्हते. पडण्याशी त्याचा संबंध नाही, असे साहेब म्हणाले. मी सही केली नाही. ते घालून जबाब पुन्हा वाचायला लावला, दार उघडे ठेवून, मोठ्याने. आता तो बरोबर आहे.