त्याची रेस्ट पूर्ण नाही

सन्माननीय अध्यक्ष स्टेशनमास्तर बबनराव साहेब, व्यासपीठावरील फोरमन सोपानराव, लोकोशेडमधले माझे सोबती आणि जमलेल्या माताभगिनींनो,

एवढा मोठा हार या सुभान ड्रायव्हरच्या गळ्यात कधी पडला नव्हता. आजवर पडली ती कोळशाची धूळ. आपण कौतुक केलंत, की सुभाननं एकही लाल सिग्नल ओलांडला नाही. पण मंडळी, त्यात माझी करामत किती आणि झोपेची किती? ड्यूटीला बोलवायला कॉलवाला दारात आला आणि माझी रेस्ट, म्हणजे दोन ड्यूट्यांमधली नेमाची विश्रांती, पूर्ण नसली, की मी आतूनच ओरडायचो, "न्हाई येत, दुसरा बघा!" सोपानराव कपाळाला आठ्या घालायचे, पण दुसरा द्यायचे. डुलक्या घेणाऱ्याच्या हाती दौंडात कोणी इंजीन देत नाही.

आता जरा पुढच्या रांगेत पाहा. पाहा, पण हळू. हा माझा अयुब, पुण्याच्या एका दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर. बापाचा सत्कार बघायला आला आणि अध्यक्षांच्या भाषणातच झोपला. साहेब, राग मानू नका, दोष भाषणाचा नाही. परवापासून त्याची पाठ अंथरुणाला लागलेली नाही. मघाशी चहा पिताना म्हणाला, "अब्बा, काल एकाचं इंजेक्शन दुसऱ्यालाच टोचत होतो. सिस्टरनं हात धरला म्हणून बरं." मी म्हटलं, "आरं, मग न्हाई म्हणायचं की!" तर हसला. "शिकणाऱ्यानं न्हाई म्हणायचं नसतं, अब्बा."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. गिरणीत पाळी संपली की भोंगा होतो, इंजिनाला बदली माणूस मिळतो. आणि ज्याच्या हाती जिताजागता माणूस, त्यालाच सुटका नाही? हे कसलं शिक्षण?

आत्ताच्या गाडीनं त्याला परत हजर व्हायचंय. मी बोलतोय खरा, पण कान फलाटाकडं आहेत. ऐका, झालीच शिट्टी! त्याची आई इमामबी खुणावतेय, पोराला उठवा म्हणून. सोपानरावही घड्याळ बघताहेत. तिथं दवाखान्यात खाटेवर पडलेल्यांचं काय, हे मलाही कळतं हो! पण झोपेतला हात त्यांना लागण्यापेक्षा उशीर परवडला.

बबनराव साहेब, एक विनंती आहे. पुण्याला फोन लावा आणि सांगा, डॉक्टरची रेस्ट पूर्ण नाही, दुसरा बघा. ओरडले तर ओरडू द्या.

आपण सर्वांनी माया केलीत, मी ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. गाडी चुकल्याचा ठपका मात्र माझ्या नावावर लिहा. आणि मंडळी, हात जोडून सांगतो, टाळ्या वाजवू नका.