चार नंबरचा डबा गप्प झाला

"हॅलो? खेमसिंगभाऊ? मी उमेरा बोलून राह्यली, यवतमाळहून… हो, तेच, डब्यावाली."

पांढरकवड्याच्या त्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, उमेराला सगळे डब्यावालीच म्हणत. कापसाच्या गंजीत आग आतल्या आत धुमसते, बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तिनं हे डबे बनवले होते. प्रत्येक गंजीत एक डबा पुरलेला. तो आतली उष्णता मोजायचा आणि बिनतारी संदेशानं शेजारच्या डब्याला कळवायचा, तो पुढच्याला. असे आकडे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणि तिथून तिच्या मोबाइलवर यायचे. वायर टाकली की ट्रॅक्टरखाली तुटायची, म्हणून ही युक्ती.

"भाऊ, चार नंबरच्या गंजीपाशी कोण आहे आत्ता?… नाही, आधी ते सांगा… तानावहिनी पण?"

दुपारी जेवून कामावरच्या बाया त्याच गंजीच्या सावलीत आडव्या होत, आणि मुकादम खेमसिंगची बायको तानाबाई त्यांच्यातच होती.

"उठवा त्यायले, भाऊ. सगळ्यायले. चार नंबरचा आकडा चढत चढत गेला अन् डबा एकदम गप्प झाला."

बॅटरी उतरली असेल, असं खेमसिंगचं म्हणणं. त्याचंही चूक नव्हतं. मागं तिच्या एका फोनवर त्यानं अख्खी गंजी फोडली, पाणी मारलं, आत काहीच निघालं नाही. भिजलेल्या कापसावरून शेठनं त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. आज फोन लावताना उमेराचा अंगठा त्याच आठवणीनं अडखळला होता.

"माहीत आहे मले… हो, तुमी बोलणं खाल्लं माझ्यापायी… हो, हो… पण ऐका ना. पाणी मारू नका. गंजी फोडू नका. फक्त बायायले उठवा. काही नाही निघालं तर शेठले मी येऊन सांगीन, मीच उठवायले लावलं म्हणून."

चपलांचा आवाज आला आणि दुरून तानाबाईला मारलेली हाक. बाया कुरकुरत उठत होत्या. धूर नाही, वास नाही, आत हात घालून पाहतो, असं तो म्हणाला.

"हात नका घालू, भाऊ… भाऊ?… हॅलो?"

फोन चालू होता, पण बोलत कोणी नव्हतं. धावपळ, खोकला, टिनावर कुणीतरी दणादण बडवत होतं.

"भाऊ, निघाल्या का सगळ्या?… कोणीतरी बोला ना."

तिच्या मोबाइलवर तीन नंबरचा आकडा चढू लागला. चार मेला तरी बाकीचे डबे त्याला वळसा घालून एकमेकांना निरोप देत होते. खूप वेळानं खेमसिंगचा धापा टाकणारा आवाज आला. बाया फाटकाबाहेर होत्या, एकूण एक. जिथं त्या निजल्या होत्या तिथंच पेटती गंजी ढासळली होती. पाण्याचा टँकर आला होता, पण धुरात काही दिसत नव्हतं. आता कुठं मारू, ते तो तिलाच विचारत होता.

"तीनवर मारा. पाच थंड आहे, पाच सोडा… नाही, अजून चढून राह्यला… तीनच… मारत राहा, भाऊ… थांबला… हो, थांबला. उतरून राह्यला."

तिकडं फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला.

"कोण?… वहिनी, तुमी?… जळू द्या डबा, दुसरा बनवता येते… काय? हात भाजला? कोणाचा?… मले नाही सांगितलं त्यायनं."

खेमसिंगनं खरंच गंजीत हात घातला होता. मनगटापर्यंत कातडी सोलवटली होती, आणि इतका वेळ दुसऱ्या हातात फोन धरून तो तिला आकडे विचारत होता.

"वहिनी, रडू नका… हो… हो, ऐकून राह्यली मी. पण आता फोन ठेवा. भाऊले आधी दवाखान्यात न्या."

तानाबाईचं बोलणं संपेना, तेव्हा उमेरानंच फोन ठेवला.