मोडला हात आणि लावणी

अरे, हौसेने होडीत बसलो आणि हात मोडून आलो, असा शहाणा मीच! तेव्हा शिडाच्याच होड्या. रेवसजवळ शिडाची काठी गर्रकन फिरली, ती थेट माझ्या दंडावर. भाताची लावणी तोंडावर आलेली.

माझा मेव्हणा वकील. म्हणाला, "त्या होडीच्या नाखव्यावर भरपाईचा दावा ठोका!"

तेवढ्यात नाखवाच दारात. "चूक माजी हाय, भाऊ. पन कोर्टाचा निकाल लागंपर्यंत तुमचं भात कोन लावनार? पावसात आमच्या होड्या किनाऱ्यावरच. घरची सगली येतो."

आणि खरंच आली! कोळणींनी गाणी म्हणत सगळी लावणी आवरली.

मेव्हण्याने बांधावरून विचारलं, "मग दाव्याचं काय?"

मी बोलायच्या आत बायको म्हणाली, "दादा, दावा राहू दे. पुढच्या वर्षी लावणीआधी ह्यांना परत होडीत बसव!"