झाकणावरचा हार

मिहानच्या कारखान्यायकडे जाणाऱ्या बसमध्ये माह्या पुढच्या सीटवर एकाच कंपनीतले दोघं बसले होते, अंकुश अन् दीप्ती. माह्या गोष्टीत अर्धं मी लावलेलं असते, पण हे सारं त्यायचंच आहे.

"अंकुश, काल नवा पंप कोरडाच काहून चालवला गा?"

"मुहूर्त निघून चालला होता वं. साहेबानं नारळ फोडला, मी बटन दाबलं."

"पाणी भरल्याबिगर?"

"जिथून भरतेत, त्या झाकणावरच झेंडूचा हार होता. पूजेचा हार सगळ्यायसमोर कसा काढू?"

"मंग आतलं सील जळलं."

"आज नवीन बसवलं. हेबी जळलं तर घरीच बस म्हणते साहेब."

"मंग आज आधी वरून पाणी भर, हवेचे बुडबुडे थांबू दे, झाकण कस. पाणी बाहेर जायचा व्हॉल्व बंद ठेवून चालू कर अन् हळूहळू खोल."

"ते येते मले. पण साहेब आज दुसरा हार आणून राहिला, कालच्याहून मोठा."

"मोठा आहे न? मंग साहेबाच्याच गळ्यात घाल. त्यायचे फोटो होतवर पंप भरून होते."

"अन् पंपाले काय घालू?"

"पाणी घाल."