पाच वजा

पंखा दुरुस्तीच्या निमित्ताने मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर तिष्ठत बसलो असता, प्रात्यक्षिक परीक्षा देऊन बाहेर आलेल्या दोन विद्यार्थ्यांचा पुढील संवाद माझ्या श्रवणी पडला. मुलगी वर्गात नेहमी पहिली येणारी होती आणि मुलगा वर्गात क्वचितच येणारा.

"पास झालास तू? वर्षभर प्रयोगशाळेचं तोंड पाहिलं नाहीस!"

"मलाही पटेना. काटा दोनशे तीसवर होता, मी दोनशे तीस लिहिलं. तू?"

"दोनशे पंचवीस. नापास. नोकरी हातची गेली."

"अगं, मग पाच कुठे सांडलेस?"

"वजा केले. त्या व्होल्टमीटरला काही जोडलेलं नसलं तरी काटा पाचवर असतो. म्हणून आम्ही सगळेच पाच वजा करतो."

"मला कुणी बोललंच नाही."

"आला असतास तर आम्ही बोललो असतो."

"पण आज तर तो जोडण्याआधी शून्यावर होता, ताईसाहेब."

"बघितलंच नाही रे. काल दुरुस्त केला म्हणे. प्रयोगशाळेवाले चार वर्षं हलले नाहीत, आणि नेमका काल!"

"कुणीतरी तक्रार केली असेल."



"मीच. तीनदा. लेखी."